काट्यावर कुणीच नव्हतं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवत बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

पण हे घडलं माझ्या डोळ्यांदेखत.

१४ एप्रिल २०२०, मंगळवार. रात्र नव्हती, दुपारचे सव्वादोन वाजले होते. जागा, अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या एका आरोग्य विद्यापीठाचं तळघर. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, मी अजून तिथंच नोकरी करते.

मी डोरीन. देहदानाचं काम बघते. लोक जिवंतपणी सही करतात, गेल्यावर देह आमच्याकडे येतो, त्यावर डॉक्टर होणारी मुलं शिकतात.

करोना आला आणि विद्यापीठानं भराभर फतवे काढले. वर्ग घरून. वरचे मजले चाचण्यांना. आणि देहदान बंद, कुणाचाच देह घ्यायचा नाही.

घरच्यांना फोनवर हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

रेनो हाक्काला नावाचा देहदाता सोळा वर्षं आमच्या यादीत होता. बंदरात जहाजं भरण्यात जन्म गेलेला माणूस. दर एप्रिलला बायकोनं भाजलेला वेलचीचा पाव घेऊन यायचा आणि देह तोलायच्या काट्यावर स्वतःच उभा राहायचा.

"एकशे अडुसष्ट पौंड! टेबल मजबूत ठेव गं पोरी. आठवीत शाळा सुटली माझी. विद्यापीठात जायचं राहिलंय."

म्हणायचा हसत, पण मनापासून.

११ एप्रिलला तो करोनानं गेला. सोमवारी त्याच्या बायकोचा, ऐलीचा फोन आला. त्या दिवसातला सहावा. मी इतकी थकले होते की धीराचा एक शब्दही बोलले नाही. नियमाचा कागद सरळ वाचून दाखवला.

ती एवढंच म्हणाली, "मग आता मी त्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी, सव्वादोनला... मागच्या दाराची घंटा वाजली.

शववाहिका लागते ते दार.

कॅमेऱ्यात पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं. बर्फात टायरची खूणही नव्हती.

आलेले देह वर्गासाठी तयार करणाऱ्या टॉडनं दार उघडलं. नुसता गार वारा आत आला.

मग... स्ट्रेचरची चाकं वाजली.

आमचं स्ट्रेचर भिंतीशी होतं. ते हललं नव्हतं. आवाज मात्र काट्यापर्यंत गेला आणि थांबला.

काट्यावर आकडा उजळला... १६८.

"डोरीन, चेष्टा करतेस काय?"

"एवढा जीव उरलाय का माझ्यात?"

टॉडनं काट्याची वायर उपटली. आकडा गेला.

बुधवारी सव्वादोनला पुन्हा घंटा. पुन्हा चाकं. वायर उपटलेलीच होती...

१६८.

गुरुवारी टॉडनं रजा टाकली. फोनवर म्हणाला, "नाही कोण म्हणालं त्याला? तूच ना? मग तूच निस्तर."

पुन्हा १६८ दाखवणाऱ्या काट्यासमोर मी एकटीच उभी राहिले. भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

"रेनो, चुकलं माझं. या, आत या. चार नंबरचं टेबल तुमचं."

नोंदवहीत त्याचं नाव लिहिलं. आकडा विझला.

आत, चार नंबरच्या टेबलावरची चादर... हळूच खाली दबली.

मी ऐलीला फोन केला. शब्द जुळेनात. कसंबसं म्हटलं, "घेतलं आम्ही त्यांना."

ती म्हणाली, "गेला एकदाचा शिकायला." बाकी काही विचारलं नाही.

फोन ठेवून मी पोटभर रडले. वाटलं, सुटले.

शुक्रवारी सव्वादोनला... घंटा वाजली.

चाकं आली. थांबली.

१२१.

हा रेनो नव्हता.

मी यादी काढली. तीन आठवड्यांत मी एकतीस जणांना नाही म्हटलं होतं. आमच्याकडे टेबलं आहेत बारा.

रोज एक, असं मी त्यांना आत घेतलं. प्रत्येकाची माफी मागितली, प्रत्येकाचं नाव लिहिलं. बारा टेबलं भरली.

तेरावा जो आला, त्याला मी पुन्हा तोच नकाराचा कागद वाचून दाखवला.

तो आकडा अजून विझलेला नाही.