दोघींनी बी मागचं इसरा

दुष्काळानंतर पहिल्यांदाच शाळूच्या कणग्या गळ्यापर्यंत भरल्या आणि उंदरांनी आमच्या घरात लग्नघर मांडलं. आष्ट्याला माझ्या धाकट्या बहिणीकडं, गुणमालाकडं, मांजर व्याली होती. सुनेला, विजयमालाला, संगं घेऊन मी एस्टीनं गेले. पारख मला येते. बैल असो नाहीतर सून.

दुरडीत तीन पिल्लं होती. एकेकाला मानगुटीला धरून उचललं. जे पाय लोंबते सोडतं ते नुसतं दूध पितं, जे पाय पोटाशी घेतं ते उंदीर धरतं. करड्या भाटीनं, मादीनं, पाय आखडले. तीच घेतली.

“आक्का, डोळं झाकून न्या,” गुणमाला म्हणाली. “वाट दिसली की मांजर माघारी पळतंय.”

“तू जल्मायच्या आदीपास्नं मांजरं पाळतीया मी.”

एस्टीत गावची थोरली माणसं होती. विजयमालानं तोंडावर पदर ओढला आणि पिल्लूही त्याच पदरात घेतलं. आतनं मुसमुसणं ऐकू यायला लागलं. मांजराचं नव्हे. लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझा कृष्णात मिलिटरीत, आणि ही रोज संध्याकाळी साताऱ्याची एस्टी गेली की उंबऱ्यात उभी. कोरेगावला माहेर तिचं.

नवं मांजर आणलं की चुलीभोवती फिरवायचं असतं. माझे गुडघे धरलेले, म्हणून तिला फिरायला लावलं. दोघींवर पदर तसाच होता. तिचं रडं थांबेना, आणि माझी जीभ सुटली.

“हेच तुमचं घर. दोघींनी बी मागचं इसरा.”

रडं थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून सून उंबऱ्यात उभी राहिली नाही. कामाला वाघीण झाली. नदीवर चार बायकांत मी मिरवले, वळण लावावं लागतंय म्हणून. एस्टीच्या वेळेला उंबऱ्यात पिल्लू बसायचं, रस्त्याकडं तोंड करून. उंदीर पुढ्यातनं गेला तरी मान वळवायचं नाही. पारख चुकली म्हणून मी त्यालाच शिव्या घातल्या.

मग सून मला आत्याबाई म्हणायची ती आई म्हणायला लागली. खोटं कशाला लिहू, गोड वाटलं. एकदा ती भाकरी थापत होती तेव्हा विचारलं, “कोरेगावात तुमच्या दारात झाड कसलं गं?”

“कुठलं कोरेगाव, आई?”

मी हसले. ती हसली नाही. भाकरी तव्यावर पडली.

पंचमीला तिचा भाऊ नाथाजी न्यायला आला. तिनं पाणी दिलं, आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “पावणं कुणाकडचं?”

ओसरीवर नाथाजीनं ते ऐकलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला. “मावशी, काय केलंसा आमच्या पोरीला?”

दारात बायका जमल्या होत्या. मी पदर तोंडावर ओढला.

तो गेल्यावर सुनेच्या पदरात पिल्लू घातलं, तिचा हात धरला आणि चुलीभोवती उलटी फिरले. गुडघे बोलत होते.

“समदं आठवा,” म्हणाले.

“काय आठवू, आई?”

दोन दिवसांनी तिची आई आली, अंबूबाई. माझ्याकडं बघितलंही नाही. अंगणात उभी राहून लेकीला हाक मारली.

“इजू.”

सून ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर झाली नाही.

उंबऱ्यातलं पिल्लू उठलं.

धावत गेलं, लुगडं धरून वर चढलं आणि म्हातारीच्या गळ्यात तोंड खुपसलं.

अंबूबाईनं त्याला गळ्यापासून सोडवून त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग पाठीवर हात फिरवला.

“उगी, इजू. चल घरला.”

ती वेशीकडं निघाली. सून माझ्याजवळ आली.

“आई, ती बाई आपलं मांजार घिऊन का चालली?”

मला मान वर करवेना.

“न्हिऊ दे. तिचंच हाय.”

“बरं,” म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढलं.