सहावा पाटा

"अहो, गाडी दमून बसलीय का?"

तिचं मला उद्देशून हे पहिलं वाक्य. आता पुष्कळ गोष्टी विसरतो, पण हे नाही.

वाचनालयाची फिरती पिकअप घेऊन मी तिच्या वडिलांच्या गॅरेजसमोरून चाललो होतो. खड्ड्यात गाडीचा मागचा भाग असा आपटला, की फळ्यांवरची पुस्तकं धाडधाड खाली आली. मी ती गोळा करत होतो आणि ती कोपराने बट मागे सारत, वाकून गाडीखाली बघत होती.

"मागच्या स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेत. मागून उचलायला हवी."

या विषयावर मी एक पुस्तक वाचलं होतं. वाचलेलं एखाद्या मुलीला सांगायची संधी मला पुन्हा मिळेलसं वाटेना, म्हणून धीर करून म्हणालो, "ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसवले तर...?"

"तर उंच दिसेल. ताकद नाही वाढणार. टाचा उंच केल्या म्हणून माणूस पैलवान होतो का?"

"मग शॅकल... म्हणजे पाटा ज्याला लटकतो ती पट्टी... ती लांब केली तर?"

"तासाभरात होईल. आणि पहिल्याच वळणावर डुलायला लागेल."

आतून तिचे वडील ओरडले, "अगं, गिऱ्हाइकाला घाबरवू नकोस!"

"घाबरवत नाही बाबा, शिकवतेय. हे पुस्तकातून आलेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एकच सांगा. परत येताना गाडी हलकी होत असेल, तर आहेत त्याच पाट्यांना नवी कमान देते. दोन्ही वेळा भरलेली असेल, तर पाचावर सहावा पाटा घालावा लागेल. येताना किती वजन असतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मग पाटाही खोटाच बसला असता.

"येताना... तेवढंच."

"म्हणजे? पुस्तकं कुणी नेतच नाही?"

"फारशी नाही."

ती हसली. मग माझा चेहरा पाहून एकदम थांबली. माझ्या हातातल्या ढिगातलं सगळ्यात वरचं पुस्तक तिने काढून घेतलं. "हे मी नेते. आणि पाटा घालू."

तीन दिवसांत सहावा पाटा बसला, गाडी ताठ झाली. ती पुस्तक वाचते की नाही या काळजीत माझा आठवडा गेला. गुरुवारी गेलो तर म्हणाली, "शेवट आवडला नाही. दुसरं द्या." मग दर गुरुवारी हेच होऊ लागलं. गाडी दुरुस्त होईपर्यंत बाकावर ताटकळणाऱ्या ड्रायव्हरांच्या हातातही ती पुस्तक कोंबायची. "टायरकडे टक लावून बसण्यापेक्षा वाचा!" ते वाचायचे, पुढच्या मुक्कामी कुणाला तरी सांगायचे. वर्षभरात माझ्या निम्म्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि सहा पाट्यांची ती हलकी गाडी घोड्यासारखी उधळू लागली.

वाचनालयात माझं कौतुक झालं. इतकं, की जिथे कुणीच वाचत नाही असा दूरचा मार्ग मला देण्यात आला. तिथे पुस्तकं थोडी न्यायची, आधी माणसं जोडायची, असं ठरलं. म्हणजे तो गुरुवार शेवटचा. वाटेत मी चार वाक्यं पाठ केली होती. तिला पाहिल्यावर एकही आठवेना.

"पुढच्या गुरुवारपासून इकडे दुसरं कुणीतरी येईल," एवढंच म्हणालो.

ती माझ्या गाडीखाली शिरून बोल्ट आवळत होती; पाना थांबला.

"आणि गाडी?"

"माझ्याबरोबर."

"मग हा सहावा काढूनच देते," ती तिथूनच म्हणाली. "एवढ्या हलक्या गाडीत हाडं खिळखिळी होतील तुमची."

"नको काढूस."

वर्षभर तिला 'तुम्ही' म्हणत आलो होतो. ती सरपटत बाहेर आली.

"नको काढू? मग वजन वाढवावं लागेल."

"माझ्या शेजारची सीट... रिकामीच असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे हसत होते, पण तिच्यातला मेकॅनिक काही गप्प बसेना. "पुढच्या सीटचं वजन मागच्या पाट्यांवर फारसं येत नाही. तुमच्या पुस्तकात नाही का ते?"

"आहे," मी म्हणालो. "माहीत असूनच विचारतोय."

आत चाललेली हातोडी थांबली होती.

"बाबा ऐकतायत," ती कुजबुजली.

"बाबा काही ऐकत नाहीत," आतून आवाज आला. "पण बसायचं तर हात पुसून बस. सरकारी सीट आहे ती."

तिने हात पुसलेच नाहीत. दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली. मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलो. रस्ता मोकळा होता, ऊन उतरत होतं आणि पुढे काय करायचं ते मला काही केल्या सुचेना.

"किल्ली फिरवायची असते," ती हळूच म्हणाली.