एक काना

हे लिहायचंच नाही, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. लाजेचं गाठोडं कोण आपणहून चव्हाट्यावर सोडतं? मग ज्या व्यक्तीला विचारायला हवं तिला विचारलं, ती "लिही" म्हणाली, आणि बोटं चालायला लागली.

तर, सकाळी ॲनिमेशन स्टुडिओत पोपट ओरडला, "तोंड गेलं! तोंडच गेलं!"

पोपट म्हणजे पात्रांचे ओठ हलवणारा चित्रकार. दिवसभर त्यांचे ओठ काढायचे आणि दिवसभर स्वतःचे चालू ठेवायचे, म्हणून पोपट. सगळे धावले. पडद्यावर त्यांच्या मालिकेचा नायक, निळ्या केसांचा तलवारबाज, शेवटच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगात उभा होता. डोळे जागेवर, नाक जागेवर. ओठ गायब, तेही एकाच वाक्यापुरते. राखीव प्रतीतूनही गायब. बाकी सगळीकडे मात्र तोंडं शाबूत.

"दुपारी चॅनलची माणसं येतायत," दिग्दर्शिका बाई थंडपणे म्हणाल्या. "फाईल तुझी, कॉम्प्युटर तुझा, आणि काल माझ्याशी भांडलास तूच. तोवर काही कळलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, पोपट."

पोपट पांढराफटक. घरी तान्हं बाळ.

हे लिहिणारा तो, म्हणजे मालिकेचा लेखक. त्याला सगळे लेखकराव म्हणायचे, निम्मं कौतुकाने, निम्मं टोमण्याने. तो कुठे शिकला नव्हता. जपानी धाटणीच्या मालिका बघून बघूनच लिहायला लागला होता. हा प्रसंग म्हणजे त्याचा जीव की प्राण. आधीचे सगळे खर्डे बाईंनी परत केले होते. "मोठे डोळे आणि उडते केस म्हणजे झालं का? याच्या आत काय सलतंय ते सांग. दुकानातून आणलेलं दुःख नको मला."

मग त्याने लिहिलं. नायक तलवार टाकतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "आई पलीकडच्या खोलीतून पाणी मागत होती. मला ऐकू येत होतं. मी उठलो नाही. सकाळी ती नव्हती."

बाईंनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आता झाला हा माणूस."

"बाई, चोर मी शोधतो," लेखकराव म्हणाला. अंगात गुप्तहेर संचारला होता.

"पोपट, कॉम्प्युटर बंद करून गेला होतास?"

"बंद कसला! पासवर्ड स्क्रीनवरच चिकटवलाय. भिंतीलासुद्धा पाठ असेल."

"आणि तूच पुसलं असशील तर?"

"स्वयंपाक करून ताट कोण पालथं घालतं, लेखकराव?"

पलीकडे शाई बसली होती. केस आणि सावल्या तिच्याकडे. आधी सगळं कागदावर काढायची, बोटं कायम काळी, म्हणून शाई. लेखकरावाची इथली एकुलती एक मैत्रीण.

"काल शेवटी कोण गेलं?"

"मी. दिवे मीच बंद केले."

"काही दिसलं?"

"नाही." तिने मान वर केली नाही. "'मी उठले नाही' या एवढ्याशा वाक्यासाठी किती जणांना उभं करणारेस?"

"एवढंसं? अगं, त्या वाक्यात अख्खा माणूस आहे!"

"माहितीये," शाई म्हणाली.

तो परत पडद्याशी गेला. चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. आणि त्याला दिसलं.

दुपारी, चॅनलची माणसं यायच्या आत, त्याने सगळ्यांना गोळा केलं. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती.

"सूड घ्यायचा असता तर चोराने अख्खी फाईल उडवली असती," तो म्हणाला. "इथे एकच वाक्य मुकं केलंय. म्हणजे राग मालिकेवर नाही, बाईंवर नाही. त्या वाक्यावर आहे. आता हे बघा. ओठ पुसून जागा तशीच सोडलेली नाही. वरून केसांची बट ओढलीय. बटेखाली सावलीसुद्धा. चेहरा विद्रूप दिसू नये म्हणून! पोपटाला सावली जमते का?"

"कधीच नाही जमली!" पोपट आनंदाने ओरडला.

"मग जमते कोणाला? शेवटी दिवे कोणी बंद केले?"

सगळ्यांच्या माना शाईकडे वळल्या. ती हलली नाही.

"का केलं ते मला अजून कळलं नाही," लेखकराव ऐटीत म्हणाला, "पण वाक्य तिला धड आठवतही नव्हतं. मला म्हणाली, 'मी उठले नाही'..."

"उठलो, उठलो!" पोपट म्हणाला. "मुलगा आहे ना तो!"

लेखकरावाने ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं.

उठले. शाईने वाक्य चुकवलं नव्हतं. ते असंच होतं. जिन्यावर डब्याच्या सुट्टीत, आईबद्दल सांगताना, ती त्याला अगदी असंच म्हणाली होती. त्याने त्याला एक काना लावला होता. बस, एक काना. ले चा लो झाला आणि वाक्य लेखकरावांचं झालं.

"का गं असं केलंस?" बाईंनी विचारलं.

शाईच्या बदली लेखकरावच बोलला.

"बाई, चोर मी आहे. ते वाक्य माझं नाही. विश्वासाने सांगितलेलं मी उचललं. तिने फक्त परत घेतलं."

आता खोलीत सगळ्यांना शाईचं गुपितही कळलं, आणि तेच जास्त वाईट झालं. तो बोलला नसता तरी चोर, बोलला तरी चोर.

"ओठ मीच पुसले," शाई सावकाश म्हणाली. "पोपट, तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं रे. माफ कर."

पोपटाने नुसती मान हलवली.

"ते वाक्य जाईल," बाई म्हणाल्या. "चॅनलचं मी बघते. पोपट, जागेवर बस, काम कर. लेखकराव, या भागावरून तुझं नाव काढते."



संध्याकाळी शाई बेसिनशी बोटं घासत होती. तो दारात उभा राहिला, आत जायची हिंमत नव्हती.

"मी सांगत होते तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच होतं."

"आणि लिहिलंस कधी?"

खोटं बोलता आलं असतं.

"तेव्हाच. मनात."

तिने नळ बंद केला. काळं निघालं नव्हतंच. "आता मला कधी कोणाला काही सांगावंसं वाटलं, तर कोणाकडे जाऊ रे?"

"माझ्याकडे ये," तो म्हणाला. "लगेच नको. वाटेल तेव्हा. मी फक्त ऐकेन, शाई. मनातसुद्धा लिहिणार नाही. शब्द देतो."