मोकळ्या गळ्याचा माणूस

या, असे पुढं सरकून बसा. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे, बुवांचा चहा व्हायचाय. तेवढ्यात एक सांगून टाकतो.

गोष्ट म्हणतोय खरा, पण ही घडलेली आहे. ज्याच्यावर गुदरली तो माणिकप्पा माझ्या आत्याचा मुलगा. मठाच्या ओसरीवर, शिवनामाच्या सप्ताहात, त्यानं ती मला सांगितली. सांगताना त्याचा हात सारखा गळ्याशी जात होता.

आणि ही रात्रीची नाही बरं का. अमावस्या नाही, पिंपळ नाही.

भर दुपारची आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादेतून तोडून वेगळा काढलेला. कचेऱ्या रंगवून निघत होत्या, पाट्या लागत होत्या, पण पाणी मात्र कुणी दिलं नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेलेले. माणसं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायची. नांदेड-लातूरच्या मधल्या पट्ट्यात निजामाच्या काळातला एक तुरुंग होता. नाव सांगत नाही. माणिकप्पा तिथं सजा भोगत होता. बांधाच्या भांडणात भाऊबंदाच्या डोक्यात काठी बसली, माणूस गेला, आणि हा आत गेला.

तिथं तो भाकऱ्या थापायचा. पहाटे घंटा, मग गिनती, मग चहाचं गरम पाणी, मग धुरात बसून भाकऱ्या. बरं चाललं होतं म्हणायचं.

एकाएकी बायको मुलाकातीला आली. जगदेवी. जाळीच्या पलीकडून म्हणाली,

"आत्याबाईंनी अन्न टाकलंय. तुमची वाट बघून राहिल्यात. येतावं का न्हाई तेवढं सांगा."

माणिकप्पानं रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी जमादाराकडं बोट केलं. जमादार किशनराव म्हणाला,

"जाशील की. पण आधी काम बदलून देतो. विहीर आटलीय, गाळ काढायचाय. तोंडातनं ब्र न काढता काढलास तर शेरा चांगला लिहितो. कुरकुर केलीस तर आई तिकडं आन् तू हिकडं. समजलं का, वाण्या?"

"समजलं, साहेब."

"आन् आयक. विहिरीतनं काई निघालं, भांडं म्हनू नको, चमचा म्हनू नको, ते सरकारचं. वर आल्याबरूबर झडती. मागच्या गड्यानं पितळंची वाटी लपवली व्हती. त्याची सजेतली समदी माफी गेली."

माणिकप्पानं मान हलवली. त्याला विहिरीची भीती नव्हती. शेतकऱ्याचा पोरगा, गाळ त्यानं जन्मभर उपसलेला.

वर दोर ओढायला हणमंता होता. हिमायतनगरचा, बडबड्या, चोरीत आलेला. शिडी सोडता सोडता तो हळूच म्हणाला,

"अप्पा, तुम्हाला ह्या कामावर का घातलं म्हाईत हाय का? दुसरं कुनी उतरंना म्हनून."

"का?"

"गुरुपादप्पामुळं."

मग त्यानं सांगितलं ते असं. आधी पाणी शेंदायचं काम गुरुपादप्पा नावाच्या म्हाताऱ्याकडं होतं. निलंग्याकडचा, माणिकप्पासारखाच लिंगायत वाणी. वाकून बादली ओढताना गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग विहिरीत पडलं.

आता तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्यात लेकरू जन्मलं की स्वामी त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग बांधतात. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, मगच तोंडात घास घालायचा. मेल्यावर माणसाला बसवून मातीत ठेवतात, तेव्हाही ते त्याच्या तळहातावरच असतं. ते हरवलं तर जुनी माणसं अन्नपाणी सोडतात. सापडेपर्यंत.

गुरुपादप्पानं सोडलं.

जमादाराच्या पाया पडला, मला खाली सोडा म्हणाला. विहिरीत तेव्हा पाणी होतं. किशनराव हसला. "नाटक करून राहिलाय म्हातारा. दवाखान्यात जायचं आसंल." म्हातारा निंबाखाली बसून राहिला. बसल्या बसल्याच गेला. कागदावर ताप लिहिला. घरचं कुणी आलं नाही. कुठं नेला, कुठं टाकला, कुणाला ठाऊक नाही.

"तवापासून," हणमंता म्हणाला, "त्याचं नाव काढायचं न्हाई हितं. काढलं की किशनराव पिसाळतो."

माणिकप्पा खाली उतरला.

खाली गारवा होता. गुडघाभर काळा गाळ, वर आभाळाचा वाटोळा तुकडा. तो घमेल्यानं गाळ बादलीत भरायचा, हणमंता ओढून घ्यायचा. दुपार झाली. सूर्य बरोबर डोक्यावर आला, ऊन थेट तळाला पोचलं.

आणि मग...

ऊन गेलं.

वर बघितलं तर काठावर कुणीतरी बसलेलं. मांडी घालून, खाली वाकून. उजेडामुळं तोंड दिसत नव्हतं.

"हणमंता, सरक की! उजेड येऊ दे."

उत्तर आलं ते लांबून.

"मी तर निंबाखाली हाय, अप्पा. बिडी वढून राहिलो."

माणिकप्पानं डोळे चोळले. काठ मोकळा होता. ऊन पुन्हा खाली आलं होतं.

वाकून वाकून भोवळ आली असेल, असं त्यानं मनाला समजावलं. संध्याकाळी निघताना गाळ घमेल्याच्या पाठीनं चोपडा करून ठेवला, म्हणजे सकाळी खोली कळते. शिडी वर घेतली. बराकींना कुलपं लागली.

सकाळी खाली उतरला...

चोपडा गाळ सगळा उकरलेला होता.

बोटांनी. या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणीतरी आंधळ्यागत चाचपत फिरलं होतं, गुडघ्यांवर. आणि सगळे ओरखडे उजव्या हाताचे होते. डावा हात कुठंच टेकलेला नव्हता.

 डावा हात का टेकला नाही, ते माणिकप्पाला कळलं. तो हात लिंगासाठी असतो. तो चिखलात घालत नाहीत.

वर जाऊन सांगावं? सांगितलं तर कुरकुर. कुरकुर केली तर रजा गेली. आई तिकडं डोळे लावून बसलेली.

त्यानं पंचाक्षरी म्हणत म्हणत काम चालू ठेवलं.

दुपारी बादली वर गेली होती. तो वाकून हातानंच दगड-गोटे वेचत होता. कोपरापर्यंत हात गाळात. काहीतरी बोटांना लागलं. गार, गुळगुळीत.

तो धरायला गेला...

आणि गाळाच्या आत त्याच्या हाताला दुसरा हात लागला.

म्हाताऱ्याचा हात. सुरकुत्यांचा, हाडकुळा. तोही तिथंच शोधत होता. त्यानं ओढलं नाही, दाबलं नाही. फक्त थांबला.

  माणिकप्पानं हात बाहेर काढला, तेव्हा मुठीत चांदीची लहानशी डबी होती, अंड्यासारखी. तुटका दोरा अजून तिला लोंबत होता.

"अप्पा, बादली सोडू का?" वरून हणमंता.

आता बघा, माणूस कसा अडकतो. डबी वर न्यावी तर झडतीत सापडणार. चांदी. चोरी म्हणतील. नाव घेऊन सांगावं तर त्याहून वाईट. म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं हे उघड होणार, आणि ते उघड करणाऱ्याला किशनराव रजा देणार होय? बरं, गळ्यात लपवावं तर एका गळ्यात दोन लिंगं कशी लपणार?

माणिकप्पानं ती डबी कपाळाला लावली. विहिरीच्या बांधात एक कपार होती. त्यात ठेवली, पुढं दगड लावला. मोठ्यानं म्हणाला,

"अप्पाजी, माझी आई जायला टेकलीय. तिला बघून येतो. आलो की तुमचं तुम्हाला देतो. मठात पोचवतो. तेवढी कळ काढा."

विहिरीत नुसता त्याचाच आवाज घुमला.

मग...

कुणीतरी सुस्कारा सोडला. अगदी कानाजवळ.

रजा मंजूर झाली. किशनरावानं शेरा चांगला लिहिला. फाटकातून बाहेर पडताना पहारेकऱ्यानं विचारलं, "दोगं हाव का तुम्ही?" मग स्वतःच कपाळ चोळलं. "जा, जा. ऊन लई हाय."

उदगीरच्या अलीकडं त्याचं गाव. एस.टी.तून उतरून तो ढेकळांतून चालत गेला. सारं रान उघडं पडलेलं. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं नाही.

आई, शिवम्मा, ओसरीवर बाजेवर होती. नुसती हाडं राहिलेली. माणिकप्पा पायाशी बसला, रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण बघत होती त्याच्या मागं.

"माणका, त्यास्नी आत बोलीव की रं."

"कुणाला, आव्वा?"

"तुझ्या मागं आल्यात त्यांना. म्हातारं माणूस, उन्हात हुबं हाय."

दारात कुणी नव्हतं. अंगणात ऊन नुसतं पांढरं पडलेलं.

जगदेवीनं डोळ्यानं खुणावलं, भ्रम आहे म्हणून. आणि सासूचं मन राखायला तिनं टँकरच्या पाण्याचा तांब्या उंबऱ्यात नेऊन ठेवला. "घ्या हो पाहुनं, पानी घ्या."

"घेत न्हाईत ते," शिवम्मा म्हणाली. "कसं घेतील बाई? गळा मोकळा हाय त्यांचा."



विहिरीतलं माणिकप्पानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जगदेवीलाही नाही.

"आव्वा, तू गप पड. मी स्वामींना बोलावून आणतो," म्हणून तो उठला आणि मठाकडं पळाला. पळतच म्हणा ना. जगदेवी मागल्या दारी चूल पेटवत होती. तेवढाच वेळ म्हातारी एकटी होती.

तो स्वामींना घेऊन परतला तेव्हा शिवम्मा बसली होती.

महिनाभर जिला कूस बदलता येत नव्हती, ती भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून नीट बसली होती. डोळे मिटलेले. चेहरा असा, जसा कीर्तन रंगल्यावर माणसाचा होतो. गेली होती.

आणि उंबऱ्यातला तांब्या रिकामा होता.

अंघोळ घालायला बाया जमल्या. थोड्या वेळानं जगदेवी बाहेर आली. तोंड पांढरं पडलं होतं.

"आत्याबाईंच्या गळ्यात लिंग न्हाई."

"असं कसं? सकाळी..."

"सकाळी मीच त्यांच्या हातावर पूजा केली. मीच गळ्यात घातलं."

बाज उलटी केली. गोधड्या झटकल्या. कणग्या, चूल, उकिरडा, सगळं धुंडाळलं. दोरा तेवढा सापडला, उंबऱ्यापाशी. तुटलेला नव्हता. गाठ जशीच्या तशी, आणि डबी नाही.

तिकडं खड्डा तयार झालेला. स्वामी म्हणाले, "लिंगाशिवाय बसवता येत नाही, बाबा. काय करतोस?"

माणिकप्पानं स्वतःच्या गळ्यात हात घातला. त्याच्या जन्माचं लिंग काढलं आणि आईच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बेल, विभूती, माती. झालं.

मोकळ्या गळ्यानं तो तुरुंगात परत आला. पाणीही न घेता. फाटकातून थेट विहिरीकडं गेला.

विहीर नव्हती.

नव्या जिल्ह्याचा निधी आला होता. बोअरची गाडी आणून चार दिवसांत पाणी लावलं होतं, मोठे साहेब नारळ फोडून गेले होते. जुनी भिंत पाडून तिचा राडारोडा विहिरीत लोटलेला. वर मुरूम चोपून सपाट.

माणिकप्पा तिथं हातांनी उकरायला लागला. किशनराव धावत आला.

"काय राहिलंय रे तुझं त्यात, वाण्या?"

तेव्हा तो बोलला. सगळ्यांसमोर, नाव घेऊन बोलला.

"गुरुपादप्पांचं लिंग हाय हितं. म्या ह्या हातानं ठिवलंय. म्हातारं खोटं बोलत नव्हतं."

त्याची सगळी माफी गेली. अफवा पसरवल्याबद्दल. बराकीत एकट्याला ठेवलं. जगदेवी स्वामींकडून दुसरं लिंग घेऊन आली, तोवर त्यानं ओठ ओले केले नाहीत. किशनरावाची पुढं बढती झाली, सुखानं पेन्शन खाल्ली. ते तसंच असतं.

सजा पुरी करून माणिकप्पा सुटला. पण त्याला एक कोडं अजून सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. आईचं लिंग गुरुपादप्पांनी नेलं म्हणावं, तर त्यांची तहान भागली असेल. पण ज्याचं त्याला गुरूनं दिलेलं असतं, ते दुसऱ्याचं कसं लागू पडेल? आई मातीत बसलीय ती पोराचं लिंग हातात घेऊन. माणिकप्पाच्या गळ्यात आहे ते नवं. आणि म्हाताऱ्याचं खरं लिंग अजून त्या राड्याखाली, दगडामागं आहे.

कुणी शोधत असेल का ते अजून... उजव्या हातानं?

ऐका, टाळ वाजले. बुवा उभे राहतायत. एवढंच करा. आज पुंडलिक वरदाचा गजर झाल्यावर हात जोडाल, तेव्हा शिवम्माचं नाव मनात घ्या. उन्हात कोण उभं आहे, कुठल्या गावचं, कशासाठी आत होतं, यातलं काही तिनं विचारलं नाही. तिची आठवण ठेवा.