मले हडळ द्या

"तुमी मांत्रिक हाय काय हो?"

मी दचकलो. मालेगावचा एस.टी. स्टँड, डिसेंबरातली संध्याकाळ, शेजारच्या गाडीवर भज्यांचा घाना निघून राह्यला होता... अन् बाकड्याच्या दुसऱ्या टोकाले एक पोरगी. पांढऱ्या साडीले हिरवा काठ. बोटं खडूनं पांढरी. कपाळावर ही एवढी आठी.

"नाई नाई," मी म्हनलं. "मी रेडिओ दुरुस्त करतो. बाजारातल्या दुकानात."

"मंग हडळीले किती जीव द्याचे, हे रेडिओले विचारून राह्यले होते काय?"

मेलो! मले वाटलं, मी मनातच बोलून राह्यलो. माही ही सवय वाईटच हाये. हात कामात असले का तोंड आपोआप चालते.

"खेळ हाये तो," मी म्हनलं. "बसवून राह्यलो मी. भुताराक्षसांचा."

तिची आठी अजून खोल गेली. पन उठून गेली नाई. मेडशीची गाडी आली नव्हती, म्हनून असन. माही जऊळक्याची बी आली नव्हती. मंग काय, सांगतलं सगळं.

माहा दोस्त उदयसिंग मुंबईले इंजिनिअरिंगले होता. दिवाळीत आला तवा सांगत होता, हॉस्टेलातला एक पोरगा अमेरिकेहून नवाच खेळ शिकून आला. पट नाई, सोंगट्या नाईत. एकानं गोष्ट सांगाची, बाकीच्याईनं त्या गोष्टीतले मानसं व्हाचं. कोनी तलवारवाला, कोनी जादूवाला. गुहेत जाचं, राक्षस माराचे. आपन काय करतो ते आपन सांगाचं, अन् जमलं का नाई ते फासे सांगतात. उदयसिंगनं एकडाव सांगतलं अन् सुट्टी संपली तसा गेला निंगून. माह्या डोक्यात मातर तो खेळ बसला तो बसलाच. फाशाच्या ठिकानी मी सहा चिंचोके घेतले, एका अंगानं फरशीवर घासून पांढरे केले. तीन पांढरे पडले तं जमलं. कमी पडले तं गेलं.

ती ऐकत होती. खडूची बोटं एकमेकांवर घासत होती.

"राजकन्या हाये काय तुमच्या गोष्टीत?"

"हाये ना! तुमी होता काय राजकन्या?"

"ती काय करते?"

"ती... गुहेत असते. तिले सोडवतात."

"म्हंजे बसून राह्यते."

"...हो."

"अन् हडळ?"

"हडळ चिंचेवर राह्यते. रानात फिरते, गाने म्हनते. येनाऱ्याजानाऱ्याले भूल घालते."

"मंग मले हडळ द्या."

असं म्हनली अन् हासली. पह्यल्यांदा. तेवढ्यात कंडक्टर वरडला, "मेडशी, पातूर, अकोला!" अन् ती उठली. पायरीवर पाय ठेवून मांगं वळली.

"वच्छला जानराव इंगोले. जयभीम."

"देवमन खिल्लारे... जयभीम," मी म्हनलं. गाडी पार वळनाले गेली होती तवा.

*

आता सांगा, एवढ्या हासऱ्या हडळीले माराले कोनाले पाठवू मी? तलवारवाला पाठवून पाह्यला मनातल्या मनात. पह्यल्याच फेरीत मलेच त्याचा राग आला. मंग मी खेळच पालटला. तलवारवाले बाद. जादूवाले बाद. खेळनारे सगळेच भुतं! संक्रांतीले उदयसिंग आला का तो खवीस होईन, वच्छला हडळ, अन् गोष्ट सांगाले मी.

रोज संध्याकाळी आमचं नियोजन चाले. ती मालेगावच्या शाळेत शिकवत होती. एक बाई बाळंतपनाच्या रजेवर गेली, तिच्या जागेवर. शाळा सुटली का ती स्टँडवर ये, अन् माह्या मालकाले समजेनासं झालं का पाच वाजले का देवमनच्या हातातला तारा जोडाचा डाग असा गरम काहून होते.

"हडळीची पाठ पोकळ असते म्हनतात," मी म्हनलं एक दिवस.

"असू द्या की. डबा ठेवाले जागा झाली."

"पाय उलटे असतात."

"उलटे म्हंजे... घरून निघाली का शाळेत पोचन, का परत घरीच?"

"त्याचा नियम अजून केला नाई."

"करा मंग. मस्टरवर सही राह्यली का हेडमास्तर बोलतात."

मी इतका हासलो का भजेवाल्यानं पाह्यलं. तिनं पदर तोंडाले लावला, पन डोळे... डोळे कुठी झाकतात पदरानं?

अन् एस.टी. महामंडळाचं एक नवलच सांगतो. जवा मानसाले घाई असते तवा गाडी दोन घंटे येत नाई. अन् त्या पंधरवड्यात सगळ्या गाड्या टायमावर! एकदा मेडशीची गाडी आली, अन् वच्छला बसूनच राह्यली. कंडक्टरनं हाका मारल्या.

"गाडी आली," मी म्हनलं.

"गर्दी हाये."

मी पाह्यलं. गाडीत सात मानसं अन् एक बकरी होती.

"हो," मी म्हनलं. "लय गर्दी हाये."

*

मंग मी गाव काढला. रेडिओच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून, निळ्या पेन्शिलीनं, चांगला हातभर. मधात पाटलाची गढी, देऊळ, बाजार, पायऱ्यांची विहीर. चारी बाजूनं शीव. अन् शिवेबाहेर, उगवतीकडं, नाल्याच्या पलीकडं... चिंच, अन् भुतांचा माळ. माह्या जिवाले वाटलं, असं चित्र कोनीच काढलं नसन. लय हौसेनं तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पाह्यलं. हासली नाई. बोट ठेवलं माळावर.

"तुमच्या जऊळक्यात आपली वस्ती कुठी हाये?"

"उगवतीकडं," मी म्हनलं. "नाल्याच्या—"

अन् माही जीभ तथीच थांबली.

नाला बी तोच काढला होता मी. वळनासकट. नाल्यावरचा दगड बी, ज्याच्यावर माही माय कपडे धुते. कोनी सांगतलं नव्हतं, कोनाचं पाहून काढलं नव्हतं. भुतं कुठी ठेवू म्हनलं, तं हात आपोआप आमच्याच घरावर गेला होता.

"माह्या बाबानं छप्पनले नागपूरले दीक्षा घेतली," ती हळूच बोलली. "तवापासून आमच्या घरात भूत हा शब्द निघत नाई. लेकराले भेव दाखवाले बी नाई. मी तुमच्यासंगं हासत होती, कारन मले वाटलं तुमी भुताचंच हासू करून राह्यले. पन तुमी तं... आपल्यालेच तथी नेऊन बसोलं."

"चुकलो मी. खरंच... मी पाह्यलंच नाई."

"तेच तं."

गाडी आली. त्या दिवशी तिले गर्दी दिसली नाई. पायरीवर चढली, दांडा धरला, अन् माह्याकडं न पाह्यताच म्हनली, "रविवारी अकोल्याचे पाव्हने येऊन राह्यले. मले पाहाले. पोरगा बँकेत हाये."

"तुमी... हो म्हनान?"

"मले दुसरं कोनी काही विचारलं हाये काय?"

कंडक्टरनं घंटी मारली.

*

तो सगळा हप्ता ती स्टँडवर दिसली नाई. शाळेतून परस्पर जात असन, रस्त्यावरूनच गाडी धरून. मी एका डॉक्टरच्या रेडिओत मराठवाड्याचं स्टेशन लावून देल्लं अन् नागपूर घालवून बसलो. मालक म्हनला, "देवमन, आजारी हायेस का प्रेमात?" मी म्हनलं, "डाग थंड झाला, आलो गरम करून."

शनवारी दुपारची गाडी धरली अन् मेडशीले उतरलो. काखेत नवा पुठ्ठा.

वच्छलाच्या बाबाचं, जानराव गुरुजींचं घर लय विचारावं लागलं नाई. अंगनात वच्छला अन् तिची माय, लिलाबाई, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोले काढत बसल्या होत्या. गुरुजी बाजेवर. पांढरं धोतर, जाड भिंगाचा चष्मा. वच्छलानं मले पाह्यलं अन् तिच्या हातातली शेंग फुटून दाने अंगनभर उडाले.

"जयभीम, गुरुजी."

"जयभीम. कोन?"

"देवमन खिल्लारे. जऊळक्याचा. मालेगावात रेडिओ दुरुस्त करतो."

"आमचा रेडिओ बरा हाये."

"नाई, मी... खेळ दाखवाले आलो."

"कोनता?"

"भुतांचा."

सुपातले हात थांबले. गुरुजीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ह्या घरात?"

पळून जावं असं वाटलं. पन मी बसलो, खाली मातीवरच, अन् सांगून टाकलं. पह्यला पुठ्ठा कसा काढला, भुतं कुठी बसोले, अन् माही चूक कोनी दाखवली. "तुमच्या पोरीनं," मी म्हनलं. गुरुजीनं पोरीकडं पाह्यलं. पोरगी शेंगांकडं पाहून राह्यली होती.

नवा पुठ्ठा उलगडला. ह्याच्यात शीव काढलीच नव्हती. माळ नाई, चिंच नाई. फक्त घरं, विहीर, रस्ते.

"भुतं कुठी हायेत मंग?" गुरुजीनं विचारलं.

"हेच घरं. गाव ज्याले भूत म्हनते, तो भूत. अन् खेळनाराचं काम एकच... गावाकडून कबूल करून घ्याचं, का मी मानूस हाव."

गुरुजीनं पुठ्ठ्यावरच्या विहिरीवर बोट ठेवलं. "हा काही नवा खेळ नाई, बाबू. आमी लय वर्सं खेळलो हा." मंग बाजेवरून उतरून समोर येऊन बसले. "मले कोनतं भूत?"

"बाबा!" वच्छला म्हनली.

"तू थांब. कोनतं?"

"झो... झोटिंग," मी म्हनलं. "रातीच्या वाटसराले चकवते."

"माहा झोटिंग दिवसा निघते. भर दुपारी. गावच्या विहिरीवर जाते, बादली घेऊन."

लिलाबाईनं कपाळावरचा पदर मांगं घेतला. मी सहा चिंचोके गुरुजीच्या हातात देल्ले. त्याईनं टाकले.

दोन पांढरे. दोनच.

मी पटकन त्याच्यावर हात ठेवला. "चार! जमलं गुरुजी! कोनी पळालं नाई. एका बाईनं तं दोर बी देल्ला..."

गुरुजीनं माहं मनगट धरलं अन् हात उचलून बाजूले ठेवला.

"दोन हायेत."

"...हो."

"खोटं काहून बोलला?"

"तुमचं मन मोडू नये म्हनून."

"घाबरले तं घाबरू दे त्याईले. पळाले तं पळू दे. मी उद्या परत जाईन. परवा जाईन. पन दोनाले चार म्हनू नको. खोट्यानं भेटलेलं पानी मले नाई पायजे."

माहे कान तापले. गुरुजी रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. मंग वाटलं, एवढं ऐकलंच हाये, तं राह्यलेलं बी बोलून टाकावं.

"मंग गुरुजी, अजून एक खोटं बोललो मी."

"कोनतं?"

"मी खेळ दाखवाले नाई आलो. अकोल्याच्या पाव्हन्याच्या आधी पोचाले आलो."

लिलाबाईच्या तोंडून "अगं माय!" निघालं. वच्छलाची मान इतकी खाली गेली का मले फक्त तिचा भांग दिसत होता.

गुरुजी म्हनले, "तो बँकेत हाये."

"मी पगारी हाव. दुकान माहं नाई. शाळा दहावीलोक झाली. पुढचं जे येते ते माहं मीच शिकलो. जऊळक्याले दोन खोल्या हायेत, माय हाये. अजून काही नाई."

"वच्छे."

"जी."

"हा येनार, तुले माहीत होतं?"

"नाई बाबा."

"आता ऐकलं?"

"...ऐकलं."

"मंग?"

अंगनात एक कोंबडी उडालेले दाने वेचत होती, तिच्या चोचीचा टकटक आवाज तेवढा. माहा जीव... काय सांगू.

"तार करा अकोल्याले," वच्छला म्हनली.

"कार्ड टाकतो की."

"उद्या रविवार हाये, बाबा. कार्डाच्या आधी पाव्हने पोचतीन."

गुरुजीनं चष्म्यावरून पाह्यलं. मिशीत काहीतरी हाललं. "अन् तारेत लिहू काय? खोटं मी लिहीत नसतो."

"खरंच लिहा. येऊ नका. पोरीनं पाहून ठेवला."

लिलाबाईले हासू आवरेना. "बापा, बापा, बापा! तारमास्तर काय म्हनन हो!" म्हनत त्या पानी आनाले आत गेल्या, अन् आतूनबी त्यांचं हासू येतच होतं. गुरुजीनं टोपी चढोली, चपला शोधल्या, अन् तार कराले मालेगावच्या गाडीसाठी निघाले. फाटकापाशी थांबून मले म्हनले, "मी येईलोक जाऊ नको."

मी तथीच मातीत बसून राह्यलो. इतके दिवस चाललेलं तोंड, नेमकं आज बंद पडलं.

वच्छलानं सूप दोघांच्या मधात सरकोलं.

"रिकाम्या हातानं कायले बसता? सोला."

मी शेंग उचलली. सोलता सोलता तिचं बोट माह्या बोटाले लागलं. आज खडू नव्हता, तुरीचा हिरवा चिकटा होता. तिनं हात मांगं घेतला नाई. मी बी नाई.

"हळू," ती म्हनली. "दाने उडतात."