डोळ्याभोवतीचा निळा

एकोणीसशे एकसष्ट साल. ठिणगी तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि पक्षी-संग्रहालयात चित्रं काढायची. हे नाव मावशीनं ठेवलेलं. मावशी त्याच इमारतीत मेलेल्या पक्ष्यांत कापूस भरायची आणि भाचीचा राग तिनं पाळण्यापासून पाहिला होता.

त्या सकाळी मात्र रागाला कारण होतं. साहेबांनी बोलावून सुनावलं, की भुईकोकिळाचं चित्र साफ चुकलं आहे आणि शनिवारी तिला कायम करायचं होतं, ती जागा आता दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. अकरा दिवस ती त्या चित्रावर मान मोडून बसली होती. हा कोकीळ फांदीवर गाणारा नव्हे. दाट पावसाळी जंगलात ओल्या पाचोळ्यावरून पायी फिरणारा, चाहूल लागली की सावलीत विरघळणारा. संग्रहालयाकडे असा एकच होता. त्याच्यावरून तिनं एकेक पीस रंगवलं होतं.

ती तणतणत खोलीत आली, तर एक माणूस तिच्या चित्रावर वाकलेला. बुटांना चिखल, केसांतून पाणी गळतंय.

"हा मेलेला आहे," तो म्हणाला.

"इथे जिवंत काय असतं? तुम्ही आत आलात तेवढंच."

तो हसला. तेच तिला सहन झालं नाही. डोळ्याभोवतीची कातडी तपकिरी नसते, निळी असते, असं तो सांगू लागला. पाच आठवड्यांपूर्वी त्यानं तो पक्षी जिवंतपणी पहिल्यांदाच नीट पाहिला होता, वीस पावलांवरून. परत आल्याआल्या जिन्यात साहेब भेटले, त्यांनाही सांगून टाकलं.

म्हणजे काडी लावणारा हाच. ठिणगीनं कपाटाचा खण ओढला, पक्षी त्याच्यासमोर ठेवला आणि पायाला बांधलेली चिठ्ठी उलटी केली. 'डोळ्याभोवतीची कातडी तपकिरी.'

"हे अक्षर कुणाचं?"

त्यानं चिठ्ठी उजेडाकडे धरली. "…माझं."

चार वर्षांपूर्वी संग्रहालयासाठी त्यानंच सकाळी हा पक्षी पाचोळ्यातल्या सळसळीवर गोळी झाडून मारला होता. वाटेत पावसानं गाठलं, म्हणून चिठ्ठी संध्याकाळी तंबूत लिहिली. तोवर कातडीचा रंग उतरून गेला होता.

"आणि छातीठोक लिहिलंत. 'मेल्यानंतर पाहिले' एवढं लिहायला हात दुखत होता?"

त्यानं पक्षी अलगद खणात परत ठेवला. साहेबांना खरं काय ते सांगतो, म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या पुढच्या जंगलफेरीवर साहेबांचीच सही व्हायची होती, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे सांगतोय कसला.

दोन दिवस तो फिरकला नाही. ठिणगीनं दोन ब्रश मोडले. "ब्रशांनी काय घोडं मारलंय तुझं?" मावशी म्हणाली. "आणि सारखी दाराकडे का बघतेस? त्या जंगल्याची वाट बघतेस होय गं?" त्यावर ठिणगी मावशीशीही बोलेना.

शनिवारी साहेबांनी तिच्या हातात कायम केल्याचा कागद ठेवला. जंगल्यानं लेखी कळवलं होतं, की चूक त्याची आहे आणि त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवरही भरवसा ठेवू नये. फेरी अर्थातच दुसऱ्याला दिली होती.

ती धडधडत तळघरात गेली. डांबरगोळ्यांच्या वासात तो जमिनीवर बसला होता, भोवती उघडे खण. दोनशे सहा पक्षी. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तो पेन्सिलीनं लिहीत होता, 'मेल्यानंतर पाहिले.'

"इतकं करायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

तिचा राग आणखी वाढला. "वर चला. निळा दाखवा."

वर काचेच्या छतावर पाऊस वाजत होता. ती रंग कालवायची, तो नाकारायचा. हा शाईचा. हा आभाळाचा, आणि तो पक्षी बिचारा आभाळ बघतो कुठे? नवव्या निळ्याला तिनं रंगाची पाटी आपटली.

"मग सांगा ना कसा!"

तो पाटीकडे बघतच नव्हता.

"असं बघू नका."

"नोंद करतोय… या वेळी वेळेवर."

त्यानं खिशातून कोरी चिठ्ठी काढली, लिहिली आणि दोऱ्यानं तिच्या ब्रशाला बांधली. 'डोळे तपकिरी, डाव्यात मधाचा एक ठिपका. दुपार, पावसाचा उजेड. जिवंत असताना पाहिले. रागात.'

तिनं दोनदा वाचलं. कान तापले होते, पण हे तापणं निराळं होतं.

"राग उतरला की रंग बदलतो," ती हळूच म्हणाली.

"मग रोज बघावं लागेल… चालेल?"

"चुकीचं लिहिलंत तर याद राखा."

दहावा निळा बरोबर आला.

ते चित्र छापलं गेलं. साहेब निवृत्त होईपर्यंत ठिणगीला पुन्हा 'चुकलं' म्हणाले नाहीत. मावशी हात थरथरू लागेपर्यंत कापूस भरत राहिली, आणि हे लग्न आपणच जमवलं, असं शेवटपर्यंत सांगायची. जंगल्याला पुन्हा फेरी मिळाली नाही. तो शाळेत शिकवू लागला. बारा वर्षांनी दोघं स्वखर्चानं त्या जंगलात गेली, सतरा दिवस ओल्या पाचोळ्यावर बसली. एकदाच, अगदी जवळून, चोचीची टकटक ऐकू आली… आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं. भुईकोकीळ दिसला नाही तो नाहीच.

जंगल्या जाऊन आता सहा वर्षं झाली. चिठ्ठी अजून त्याच ब्रशाला आहे. दोरा तिनं तीनदा बदलला. शेवटचा शब्द खोडू का, असं तो पुष्कळदा विचारायचा. तिनं खोडू दिला नाही. राग तर तिला अजूनही आहे. त्या दिवशी खोकला त्यालाच आला होता.