धुक्यातले दोन हात

आधी ती खिडकी लोटून घ्या, म्हणजे दिवा फडफडायचा नाही. गोष्ट ठमीच्या आईची आहे आणि सुरुवातीला तरी तिच्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, मुलींना सुट्टी होती, तेव्हा ठमीचे बाबा म्हणाले, "चला, डोंगरावरच्या शहरात जाऊ. थंड हवा खाऊन येऊ." शाळेच्या मुलांची ने-आण करायची आपली व्हॅनच त्यांनी बाहेर काढली, आणि आईबाबा, मोठी ताई आणि धाकटी ठमी असे सगळे हसतखेळत निघाले.

ठमीची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे आपल्या कायम गार असणाऱ्या हातांनी काचा बदलत दिवसभर विचारायची, "हे स्पष्ट की हे?" माणूस गोंधळला की म्हणायची, "विचार करू नका. पहिल्यांदा जे वाटलं तेच खरं." बाबा घरात यावरून तिची टर उडवत. आमटीत मीठ जास्त पडलं की हवेत काच बदलल्यासारखा हात फिरवून विचारत, "हे खारट की हे?"

बाबांची तऱ्हा निराळी. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देताना ते साखळी करत. पुढे स्वतः, मागे एकमेकांचे हात धरून मुलं. मागे वळून बघायचं नाही, कारण तेवढ्यात समोरून गाडी येते. त्याऐवजी हात दोनदा दाबायचा, 'आहेस ना?' हाताहातातून ते शेवटच्यापर्यंत पोचलं की त्याने तसंच उलट पाठवायचं, 'आहे.' घरची माणसंही बाहेर पडली की असंच चालत. आई नेहमी शेवटी.

त्या दिवशी दुपारचं जेवण करून ते दरीच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर फिरायला गेले. ऊन होतं, घोडेवाले होते, भाजलेल्या कणसांचा वास येत होता. वळण घेतलं आणि खालून धुकं वर आलं. बघता बघता कठडा दिसेनासा झाला, मग पुढची ताई, मग ठमीची लाल टोपी. कणसांचा वास गेला आणि कुबट, ओल्या लोकरीसारखा वास यायला लागला. घोड्यांच्या टापाही बंद झाल्या.

"साखळी सोडू नका रे," पुढून बाबांचा आवाज आला.

आईच्या चष्म्यावर बाष्प धरलं होतं. तिला काही म्हणजे काही दिसेना. दुकानात दहा जणांना स्पष्ट काय दिसतं ते विचारणारी बाई, पण स्वतःचा चष्मा पुसायला तिने ठमीचा हात सोडला. क्षणभरच. पदराने काचा पुसल्या, चष्मा चढवला आणि हात पुढे केला. हाताला नुसतं गार धुकं लागलं. पुढून ताई ओरडली, "आई, ठमी माझ्याही हातातून सुटली!"

आईने हाक मारली, "ठमे!"

डाव्या हातात एक चिमुकला हात आला. छान ऊबदार. आईचा जीव भांड्यात पडला. "कुठे गेली होतीस गं..." असं म्हणतेय तोच उजव्या हातातही एक चिमुकला हात आला. बर्फासारखा गार.

दोन्ही हातांनी दोनदा दाबलं. आहेस ना?

आईच्या अंगावर सरसरून काटा आला. खाली पाहिलं तर मनगटांच्या पुढे सगळं पांढरं. तिने विचारलं, "ठमे... तुझ्या बाहुलीचं नाव काय गं?"

"गठुडी," डावीकडून आवाज आला.

"गठुडीच ना," उजवीकडूनही आला. तोच बोबडा आवाज, तीच शब्द शेवटी ओढायची सवय.

"झोपताना... झोपताना तुला काय लागतं?"

"तुझा कान," दोघी एकदम म्हणाल्या.

मग ते हात ओढायला लागले. डावा एका बाजूला, उजवा दुसऱ्या बाजूला. एका बाजूला वाट होती आणि एका बाजूला दरी. बाबांची हाक येत होती, पण ती सगळीकडूनच येतेय असं वाटत होतं. आई मधे ताणली गेली. माझी कुठली? देवा, माझी कुठली? आणि कामावर रोज म्हणायची तेच तिच्या डोक्यात आलं. विचार करायचा नाही. पहिल्यांदा जे वाटलं तेच खरं.

ऊबदार हात जिवंत पोरीचा. तिने उजवी मूठ उघडली.

"आई, सोडू नको ना... आई..."

तो रडवेला आवाज मागे मागे पडत गेला. आईने डोळे गच्च मिटले, ऊबदार हात छातीशी धरला आणि पळत सुटली.

धुकं विरलं तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ती बाजारातल्या दिव्यांच्या उजेडात उभी होती. बाबा आणि ताई तिच्याकडे धावत आले. तिच्याजवळ ठमी होती, लाल टोपीतली, नाक गळणारी, अगदी आपली ठमी. आईने तिचे इतके मुके घेतले की ताई म्हणाली, "पुरे की गं आई, लोक बघतायत."

अंधार पडता पडता व्हॅन घाट उतरू लागली. मागच्या सीटवर ठमी आईला टेकून बसली होती. गारठली असेल म्हणून आईने तिचे हात हातात घेतले. ते बर्फासारखे गार होते.

"मला सोडलं तिने," ठमी हळूच म्हणाली.

"कुणी गं?"

"आईने. मी किती रडले. मग तू आलीस. तू काहीच विचारलं नाहीस, लगेच उचललंस."

 आई ठमीचे हात चोळत राहिली. तिला नीट आठवत होतं, तिने ऊबदार हात आणला होता. गार हात तिने सोडला होता. मग हा...

"तुझे हात गरम आहेत," ठमी तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "आईचे नेहमी गार असतात."  मग ओठ काढून तिने विचारलं, "माझी आई कधी येणार?"

"काय म्हणतेय गं ती?" पुढून बाबांनी विचारलं.

"काही नाही," ठमीची आई म्हणाली. तिला धुक्याची भीती वाटत नव्हती आता, ते तिला आपल्या घरासारखं वाटत होतं. तिने आपले दोन्ही गरम हात हळूच शालीखाली घेतले, आणि शेजारी बसलेली ताई खिडकीकडे सरकली.